कुलपातला चेंडू

गेल्या आठवड्यात चाळीसगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गेलो होतो. पहिली ते पाचवी, दोन शिक्षक, पट साठच्या आत. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण जे पाहिलं ते त्या एका शाळेपुरतं नाही. कार्यालयात पत्र्याचं कपाट, त्याला कुलूप. बाईंनी चावी शोधून उघडलं. आत प्लॅस्टिकात गुंडाळलेला कॅरम, घडी न मोडलेलं व्हॉलीबॉलचं जाळं, हवा न भरलेले दोन फुटबॉल, एक थाळी आणि एक लोखंडी गोळा. हवा भरायचा पंप नव्हताच.

"मुलांना का देत नाही?" मी विचारलं.

"दादा, फुटलं-हरवलं तर डेडस्टॉकला काय दाखवू? तपासणीला आले की नग मोजतात."

बाहेर पटांगणात मुली खो-खो खेळत होत्या. खांब एकच होता. दुसऱ्या खांबाच्या जागी दुसरीतला एक मुलगा उभा केलेला. हात अंगाला चिकटवून, हलायचं नाही अशी ताकीद मिळाल्यासारखा. मुली त्याला वळसा घालून पळत होत्या. खेळाचा तास संपेपर्यंत तो पोरगा खांबच होता.

आजचं सदर त्या पोराची बाजू घेऊन लिहितो आहे.

आधी पैशाचं. समग्र शिक्षा योजनेत २०१८-१९ पासून खेळाला वेगळं अनुदान आहे. प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत, उच्च प्राथमिकला १०,०००, माध्यमिक आणि उच्च माध्यमिकला २५,०००. पट साठ धरला तर एका मुलामागे वर्षाला ८३ रुपये पडतात. महिन्याला सात रुपयेसुद्धा नाहीत. चाळीसगाव स्टेशनावर तेवढ्यात चहा मिळत नाही.

ही रक्कम तुटपुंजी आहे. २०२२ साली राज्याने तालुका क्रीडा संकुलाच्या अनुदानाची मर्यादा १ कोटीवरून ५ कोटींवर नेली. ५ कोटी म्हणजे प्राथमिक शाळेला मिळणाऱ्या ५ हजारांची १० हजार अनुदानं. संकुल हवंच, मोठ्या मुलांना धावपट्टी हवीच. पण संकुल तालुक्याच्या गावी असतं. सातमाळा डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या तांड्यावरून सात वर्षांचं पोर तिथे कसं पोहोचणार? त्याचं संकुल म्हणजे शाळेपुढची मोकळी जागा, आणि त्या जागेच्या वाट्याला महिन्याला सात रुपये.

तरी आज मला रकमेवरच अडून राहायचं नाही. रक्कम वाढवायची तर मुंबई-दिल्ली हलवावी लागते. जे येतं ते उलट्या क्रमाने खर्च होतं, हा माझा राग आहे. आणि तो क्रम गावातच बदलता येतो.

पैसे आले की वस्तू घ्यायची, हा सध्याचा क्रम. त्यात पैसे येतात वर्ष संपत आल्यावर. शाळेच्या झिरो बॅलन्स खात्याला खर्चाचं लिमिट पडतं, पीएफएमएस या सरकारी संगणक प्रणालीवर नोंद करावी लागते, आणि ३१ मार्चच्या आत खर्च दिसला नाही तर लिमिट परत जातं. मुख्याध्यापकांच्या हातात पंधरा-वीस दिवस. वार्षिक परीक्षा तोंडावर, आणि शिक्षक दोनच. अशा वेळी माणूस काय करणार? पक्कं बिल देणारा दुकानदार गाठतो, त्याच्याकडे बांधून ठेवलेला संच उचलतो, डेडस्टॉकच्या, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत चढवतो आणि कुलूप लावतो. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी नियम पाळला. हा नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढे पावती होती, मूल नव्हतं.

आणि तो संच तरी कोणाच्या मापाचा? व्हॉलीबॉलचं जाळं पुरुषांसाठी २.४३ मीटर उंच बांधतात, बायकांसाठी २.२४. तिसरीतल्या पोराने हात वर करून उडी मारली तरी त्याचं बोट तिथे लागत नाही. फुटबॉल पाच नंबरचा, म्हणजे मोठ्यांचा. लहान पोरांना तीन नंबरचा लागतो, तो संचात नसतो. लोखंडी गोळा तर पहिली ते पाचवीच्या शाळेत आणणंच चूक. पायावर पडला तर बोट जाईल. बाईंनी तो कुलपात ठेवला ते बरंच केलं.

सहा ते दहा वर्षांच्या मुलाला खेळाचं नाव नंतर लागतं. आधी लागतं ते पळणं, उडी मारणं, फेकणं, झेलणं आणि तोल सांभाळणं. या वयात या पाच गोष्टी अंगात मुरल्या की पुढे ते पोर कबड्डी खेळो, क्रिकेट खेळो किंवा पोलीस भरतीला धावो. त्या मुरल्या नाहीत तर पुढे माध्यमिक शाळेत २५ हजारांचं साहित्य आणूनही ते पोर कडेलाच उभं राहतं. आपण असं पोर पाहिलेलं असतं. आपण त्याला लाजाळू म्हणतो.

या पाच गोष्टींना काय लागतं? रबरी चेंडू, एक-दोन नाही, पंचवीस-तीस, म्हणजे प्रत्येकाच्या हातात किंवा दोघांत एक. काथ्याचा दोर. जुन्या कपड्यांच्या शिवलेल्या वाळूच्या पिशव्या. धुळे रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडचे वाया गेलेले टायर. एक पोतं फक्की. वखारीतून कापून आणलेले दोन खांब, जमिनीवर साधारण चार फूट राहतील असे. हे सगळं पाच हजारांत बसतं आणि वर सुताराची मजुरी निघते. फक्त याची छापील यादी कोणी दुकानदार देत नाही. ती शाळेलाच करावी लागते, आणि ती जूनमध्ये करावी लागते.

खो-खोचं तर मला विशेष वाईट वाटतं. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी, दोघांनी नेपाळला हरवून तो जिंकला. महिलांची कर्णधार प्रियंका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. आपल्या मातीतला खेळ म्हणून आपण फटाके फोडले. त्या खेळाला लागतात दोन खांब आणि फक्कीच्या रेघा. आणि इथे एका खांबाच्या जागी पोर उभं करावं लागतं.

आता माणसांचं. बालकांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात मैदान आहे, खेळाचं साहित्य आहे. आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशकही आहे, पण तो फक्त सहावी ते आठवीसाठी, तेही त्या वर्गांचा पट शंभरावर असेल तर. पहिली ते पाचवीला खेळाचा माणूस कायद्यातच नाही. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, बाकी जमवा. त्यामुळे २०१८ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या जेमतेम ५.८ टक्के प्राथमिक शाळांत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक दिसला, तर उच्च प्राथमिकमध्ये ३०.८ टक्के, यात आश्चर्य कसलं? ज्या वयात शरीर घडतं त्या वयाला माणूस नाही, आणि पोर दहावी-बारावीत जाऊन स्पर्धा जिंकलं की सवलतीचे गुण. सरकारचं कौतुक खेळाडूला फार उशिरा भेटतं.

अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा. आई-वडील वीटभट्टीवर, आणि हा पोरगा रोज सहा-सात किलोमीटर शाळेला चालत-पळत जायचा. त्याची धाव जगाला दिसली ती तो लष्करात गेल्यावर. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसचं रौप्य घेतलं. लष्करात गेला नसता तर? आपल्या तालुक्यातही रोज शेताच्या बांधावरून शाळा गाठणारी किती पोरं आहेत. त्यांच्या धावेची वेळ एकदा तरी घड्याळ लावून कोणी मोजली आहे का? घड्याळाला अनुदान लागत नाही, ते गुरुजींच्या मोबाइलात असतं.

चाळीसगाव तालुक्याने तर महाराष्ट्राला विजय चौधरी दिला. सायगाव बगळीचा. २०१४, २०१५, २०१६, सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी. त्याचे फलक आपण चौकाचौकात लावले. कुस्तीगीर घडवते ती तालीम, तिथली तांबडी माती, घरचं दूध आणि वस्तादाचा डोळा. खान्देशात जत्रेची दंगल अजून भरते, म्हणून कुस्तीला निदान मुळं आहेत. पण ज्या पोराच्या घरी पैलवानकीची परंपरा नाही, आणि जी पोर मुलगी आहे, तिला तालमीची दारं कुठे उघडी असतात? तिच्यासाठी एकच सार्वजनिक जागा आहे, ती म्हणजे शाळेचं पटांगण. चौथी-पाचवीच्या पुढे घरचे तिला गल्लीत खेळू देत नाहीत. त्यामुळे त्या पाच वर्षांत जे मिळेल तेवढंच तिचं.

मैदानाकडे येतो. आपल्याकडे काळी जमीन. पावसात पाय घोट्यापर्यंत रुततो, उन्हाळ्यात भेगांत पाऊल अडकतं. अशा जागेवर मुलं पडतात, गुडघे फोडून घेतात आणि मग गुरुजी खेळ बंद करतात. तेव्हा पहिला खर्च मुरमाचा आणि रोलरचा. तो पाच हजारांत होत नाही, मान्य. पण महात्मा गांधी रोजगार हमीच्या कामांच्या यादीत खेळाची मैदानं २०१४ सालीच घातली गेली. ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा निधी असतो, आणि ट्रॅक्टर गावात असतातच. क्रीडा खात्याकडे क्रीडांगण विकासाचं अनुदान आहे, जिल्हा नियोजन समिती आहे. पैसे पाच ठिकाणी पडलेले आहेत. ते एका कागदावर आणणारं कोणी नाही.

आणि वाळू. लांब उडीचा खड्डा मुलांसाठी पाच मीटर लांब, तीन मीटर रुंद, फूटभर खोल पुरतो. त्याला साधारण दीड ब्रास वाळू लागते. गिरणेच्या काठच्या तालुक्यात दीड ब्रास! ज्या नदीच्या वाळूवर रात्री डंपर धावतात, तिच्या काठच्या शाळांत पोरं उडी मारतात ती टणक मातीवर. पकडलेल्या डंपरची जप्त वाळू तहसीलच्या आवारात पडलेली मी पाहिली आहे. तिच्यातली दीड-दीड ब्रास शाळांना देण्याचा रस्ता महसूल खात्याने काढावा. लिलावाचे नियम आड येत असतील तर नियम बदलावेत. पोरांच्या टाचा महाग आहेत.

झाडांचाही खर्च खेळाचाच धरा. मार्च-एप्रिलात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. कडुलिंबाची दहा झाडं पटांगणाच्या पश्चिमेला लावली तर पाच-सात वर्षांत दुपारनंतरची सावली मैदानावर येईल. रांजण भरलेला असावा. मुलींचं स्वच्छतागृह उघडं असावं, त्यात पाणी असावं. ते बंद असलं की मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. न पिता पळता येत नाही. या गोष्टी क्रीडा साहित्याच्या यादीत बसत नाहीत म्हणून कोणी खेळाच्या खर्चात धरत नाही, पण मुलीचा खेळ थांबतो तो बहुतेक वेळा इथेच.

तांड्यांचं मात्र वेगळं सांगायला हवं. दसरा-दिवाळीनंतर आपल्या तालुक्यातल्या कितीतरी तांड्यांना कुलपं लागतात. माणसं ऊसतोडीला जातात, पोरं बरोबर जातात, आणि परत येतात तेव्हा होळी-पाडवा जवळ आलेला असतो. जिल्हा परिषद शाळांच्या केंद्र आणि बीट पातळीवरच्या क्रीडा स्पर्धा बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत होतात. म्हणजे ज्या पोरांच्या पायांत सगळ्यात जास्त बळ, ती त्या दिवशी कुठल्या तरी कारखान्याच्या फडात असतात. अनुदानाची वस्तू येते मार्चमध्ये, तेव्हाही ती नसतात किंवा नुकती आलेली असतात. खेळाचं पूर्ण वर्षच त्यांना वगळून आखलं आहे. कोणी मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. पण तारखा बदलायला एक पैसा लागत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात घ्या स्पर्धा. पाऊस आला तर दोन दिवस पुढे ढकला.

आता वेळेचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगितली आहे. वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाच्या तासिका आहेत. पण दोन शिक्षकी शाळेत एक गुरुजी ऑनलाइन माहिती भरायला बसले की पहिला बळी जातो तो या तासाचा. दुसरा बळी गणितासाठी जातो, कारण तपासणीत गणित विचारतात. शिक्षणाधिकारी शाळेत आल्यावर पाढे म्हणून घेतात. एखाद्याने कधी तरी "चला, दोरीवरच्या उड्या मारून दाखवा" म्हणावं. पुढच्या महिन्यात केंद्रातल्या सगळ्या शाळांत दोर निघतील.

इंग्लंडमध्ये २०१२ च्या लंडन ऑलिंपिकनंतर, २०१३ पासून, प्राथमिक शाळांना खेळासाठी वेगळी रक्कम मिळते. २०१७ साली ती दुप्पट केली. सतरा किंवा जास्त मुलं असलेल्या शाळेला वर्षाला १६,००० पौंड आणि वर दर मुलामागे १० पौंड. पैशाची बरोबरी करण्यात अर्थ नाही, त्यांची तिजोरी वेगळी. घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. तिथे प्रत्येक शाळेला हे पैसे कशावर गेले, त्यातून मुलांत काय बदललं आणि पैसे बंद झाले तरी काय टिकेल, हे संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं. आपल्याकडे हिशेब वर जातो, पालकांकडे येत नाही. माझी मागणी साधी आहे. शाळेच्या भिंतीवर खडूने लिहा: या वर्षी खेळाला इतके आले, यावर गेले, आणि आमच्या शाळेत इतक्या मुलांना चेंडू झेलता येतो. शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. तो दर तीन महिन्यांनी पुसून नव्याने लिहावा लागला पाहिजे.

आणि डेडस्टॉकचा नियम बदला. रबरी चेंडू, दोर, फक्की या वापरून संपणाऱ्या वस्तू आहेत, त्यांची नोंदही तशीच व्हावी. चेंडू फाटला म्हणजे तो खेळला गेला. वर्षाअखेर कोरा चेंडू दिसला तर मुख्याध्यापकांना त्याचा जाब विचारा, फाटक्याचा नको. एवढं एक पत्रक गटशिक्षणाधिकाऱ्यांनी काढलं तरी तालुक्यातली निम्मी कपाटं उघडतील, अशी माझी खात्री आहे.

हे सगळं करायला जागा आहे, आणि ती आपल्याच गावात आहे. कायद्याच्या कलम २१ ने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका. कलम २२ ने त्या समितीला शाळेचा विकास आराखडा करायला सांगितलं. तो आराखडा बहुतेक ठिकाणी शेजारच्या शाळेचा उतरवून होतो आणि त्यात खेळ म्हणजे 'क्रीडा साहित्य संच, १ नग'. तिथे संचाऐवजी तीन वर्षांचं लिहा. पहिल्या वर्षी मुरूम, खांब, फक्की, चेंडू. दुसऱ्या वर्षी वाळूचा खड्डा, झाडं, आणि गावातला एखादा जुना कबड्डीपटू आठवड्यातून दोन सकाळी येईल त्याचा चहा-पाणी खर्च. तिसऱ्या वर्षी फाटलेलं-तुटलेलं बदलणं. तीन ओळी आहेत. मार्चमध्ये लिमिट पडलं की यादी तयार असेल, दुकानदाराला विचारायला जावं लागणार नाही.

त्या शाळेतून निघताना फाटकाशी एक आजी बसल्या होत्या, नातवाला न्यायला आलेल्या. पटांगणाकडे बघून म्हणाल्या, "पोरेसनी खेयानं कोठे, भाऊ? बठा गारा शे." म्हणजे, सगळा चिखल आहे. मी त्यांना विचारलं, समितीच्या सभेला कधी गेला होतात का? त्यांची सून सदस्य आहे, हे त्यांना माहीत होतं. सही करायला रजिस्टर घरी येतं, असं त्या म्हणाल्या.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. पुढच्या वर्षाचा गावाचा आराखडा तेव्हा लिहायला घेतात. रजिस्टर घरी मागवू नका, सभेला जा आणि तीन गोष्टी लिहून घ्या: एक ट्रॉली मुरूम, दीड ब्रास वाळू, एक खांब. त्या दिवशी तांड्यावरची माणसं अजून गावातच असतात. त्यांना निरोप द्या.